बॉक्सवर गाडीचं नाव आहे, माप कुठाय?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी उभी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला आईला घेऊन साताऱ्याहून यवतेश्वरला निघालो होतो. गाडी अण्णांची, १९९६ सालची, छोटी, चार दारांची. मी आता सांगलीत असतो, पण गाडी घेतली तेव्हा आम्ही साताऱ्यात होतो, म्हणून नंबर अजून एमएच-११ चाच आहे. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. गाडी विकावीशी वाटली नाही आणि खरं सांगायचं तर नवी घ्यायची ऐपतही नव्हती.

घाटातल्या एका वळणावर खालून 'खट्' असा आवाज आला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मला वाटलं क्लच गेला. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकवरचा पाय जरा सैल केला, तर गाडी मागं सरकायला लागली. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर थांबते एवढंच आपल्याला ठाऊक. ही थांबेना. हँडब्रेक नावालाच होता. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसलो आणि आईला म्हटलं, "तू आधी खाली उतर." पाठीमागून दुधाचा पिकअप येत होता. त्यातल्या दोन पोरांनी उतरून चाकामागं दगड लावले, म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

झालं होतं असं की पुढच्या डाव्या चाकाचा एक्सल गिअरबॉक्समधून बाहेर निसटला होता. एक बाजू मोकळी झाली की डिफरन्शिअल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूलाच फुकट फिरवतो. मग इंजिन गाडीला ओढतही नाही आणि धरतही नाही. हा एक्सल मी अकरा दिवसांपूर्वीच नवीन टाकला होता. नवीन म्हणजे बाजारातला. कंपनीचा मिळाला नाही, म्हणून बॉक्समधला लोकल घेतला. बॉक्सवर माझ्या गाडीचं नाव होतं, मॉडेल होतं, छान रंगीत चित्रही होतं.

गाडी टो करून सांगलीला आणली. आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत, अण्णांपासून गाडी तेच बघतात. त्यांनी एक्सल हातात घेतला, जुन्याशेजारी फरशीवर ठेवला आणि म्हणाले, "दादा, नाव बरोबर हाय. माप चुकलंय."

मी चिडून विचारलं, "मग बसवला कसा?"

ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला म्हणलो हुतो की, लॉकचा आवाज आला न्हाई म्हणून. तुम्ही म्हणला, बसू दे, परवा गाडी लागत्या."

खरं होतं ते. मी तसंच म्हणालो होतो.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या भागात किर्लोस्करवाडी आहे, सातारा रोडचा कूपर कारखाना आहे, गल्लोगल्ली लेथ आहेत, तिथं एका साध्या जुन्या गाडीला बसेल असा एक्सल का मिळू नये? दोन-तीन महिने जुन्या मिस्त्र्यांशी, लेथवाल्यांशी, पार्टच्या दुकानदारांशी बोलत राहिलो. त्यातून जे समजलं ते लिहितो. हा इतिहास माझ्या एकट्याच्या गाडीचा नाही.

आख गावातच घडायचा

सुरुवात बैलगाडीपासून करू, कारण एक्सल म्हणजे शेवटी गाडीचा आखच. तेव्हा सातारा आणि सांगली वेगळे नव्हतेच. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. या सगळ्या पट्ट्यात गाडी बनवायचे ते गावचे सुतार आणि लोहार. तुंबा, आरे, आख, सगळं त्या एका गाडीच्या मापाचं. एका गाडीचं चाक दुसरीला बसेलच असं नाही. त्याची गरजही नव्हती, कारण माप घेणारा माणूस गावातच असायचा.

लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. धाव चाकापेक्षा जराशी लहान करायची, शेणीच्या आरात लालभडक तापवायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसून चाकाला आवळून बसायची. किती लहान ठेवायची हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. जास्त लहान ठेवली तर आरे मोडायचे, मोठी राहिली तर धाव रस्त्यात सुटायची. आजच्या भाषेत याला 'फिट' म्हणतात. आपल्या लोहाराला फिट कळत होता. फक्त त्याचं माप त्याच्या डोक्यात असायचं आणि त्याच्याबरोबरच जायचं.

किर्लोस्करवाडी आणि सातारा रोड

पुढची पायरी म्हणजे कारखाना. १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. आज ते गाव पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगरानं जमिनीत विष कालवलं जातं, असं त्या काळी शेतकऱ्यांना वाटायचं. तो समज मोडून नांगर विकायचा होता. आता नांगर विकला की गोष्ट संपत नाही. फाळ झिजतो. शेतकऱ्यानं नवा फाळ आणला तर तो त्याच्या नांगराला घासाघीस न करता, ठोकाठोकी न करता बसला पाहिजे. म्हणजे हजारावा फाळ पहिल्या फाळासारखाच निघाला पाहिजे. कारखाना आणि लोहाराचा भाता यांच्यातला खरा फरक हा. माप माणसाच्या डोक्यातून निघून कागदावर आणि गेजवर आलं.

साताऱ्याकडं धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. हेच कूपर पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत माल तिथं बनला, आणि तो कारखाना पुढे वालचंद समूहाकडं गेला. कराडच्या नीळकंठराव कल्याणींनी १९६१ साली पुण्यात भारत फोर्ज काढली. ट्रकचे पुढचे एक्सल आणि क्रँकशाफ्ट यासाठी आज ती कंपनी जगभर ओळखली जाते. साताऱ्यात १९७५ नंतर महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर बनू लागली. सांगलीत तर १९४७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जातं. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की 'आपल्याकडं जमत नाही' हे उत्तर खोटं आहे. आपल्याकडं जमतं. मग अडतं कुठं?

परदेशी मोटारी अनाथ झाल्या तेव्हा

एसटी १९४८ साली सुरू झाली. त्याआधी आपल्या भागात खासगी सर्व्हिस मोटारी चालायच्या. या गाड्या परदेशी. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शेवरोले जोडायचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्डही आली. पण हे फक्त जोडणीचे कारखाने होते. भाग बाहेरून पेट्यांतून यायचे, इथं नटबोल्ट आवळले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं की इथं हळूहळू सगळे भाग बनवणार असाल तरच राहा. १९५४ पर्यंत जनरल मोटर्सनं आणि फोर्डनंही इथली जोडणी बंद केली.

कंपनी गेली, गाड्या राहिल्या. एक्सल तुटला की मागवायचा कुठून? तेव्हा लेथवाल्याकडं जायचं. तुटलेले दोन तुकडे जुळवून लांबी घ्यायची, एखाद्या मोडीत निघालेल्या ट्रकचा जाड शाफ्ट आणायचा आणि त्यातून नवा कोरून काढायचा. मिरजेतल्या एका लेथवाल्यांनी मला त्यांच्या वडिलांची वही दाखवली. पानापानांवर हातानं काढलेली शाफ्टची चित्रं, लांबी सुतात आणि इंचात, शेजारी दात्यांची संख्या. तारखा नाहीत, गिऱ्हाइकाचं नाव तेवढं. ती वही पाहताना मला वाटलं, त्या काळात आपल्या भागातलं गाडी दुरुस्तीचं ज्ञान असंच जपलं गेलं असणार.

फियाट-ॲम्बॅसिडरचा जमाना

मग आला तो काळ ज्याची आठवण अजून सगळ्यांना आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट बनवू लागली. १९६४ चं फियाट ११०० डी हेच मॉडेल थोड्याफार फरकानं पुढं प्रीमियर पद्मिनी झालं आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चाललं. ॲम्बॅसिडर १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत. साखर कारखान्याच्या चेअरमनची ॲम्बॅसिडर आणि डॉक्टर-वकिलांची फियाट, असं आपल्या तालुक्यांचं चित्र होतं.

त्या काळाचं मी कौतुक करत बसणार नाही. गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघायची, पैसे मोजून तीच जुनी गाडी घ्यायची आणि दरवाजा नीट लागत नाही म्हणून तक्रार करायची नाही, असा तो कारभार होता. पण त्यातून एक गोष्ट आपोआप घडली. तीस-चाळीस वर्षं भाग बदललेच नाहीत, त्यामुळं बाजाराला ते पाठ झाले.

या गाड्यांना चाक फिरवणारा एक्सल मागं असायचा. आपले मिस्त्री त्याला हाफ शाफ्ट म्हणतात. मागच्या घोड्यातून दोन्ही बाजूंना दोन सरळ दांडे निघतात. एका टोकाला दाते, दुसऱ्या टोकाला हब. तो वळत नाही, वाकत नाही, फक्त फिरतो. १९६५ च्या सुमारास सरकारनं मोटारीचे बरेच सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवले. त्यामुळं छोट्या कारखानदारांनी असे भाग काढायला सुरुवात केली. सगळा माल चांगला नव्हता. कित्येक शाफ्ट कच्च्या पोलादाचे असायचे. त्यांना पाणी नीट दिलेलं नसायचं, म्हणून घाटात पिळा बसायचा. पण माप क्वचितच चुकायचं, कारण तेच माप दुकानदाराला, मिस्त्रीला आणि लेथवाल्याला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. चुकीचा माल काउंटरवरच ओळखला जायचा.

१९८३ नंतर काय बदललं

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. या गाडीत इंजिन आडवं आणि ओढणारी चाकं पुढची. त्यानंतर आपल्याकडं आलेल्या बहुतेक छोट्या गाड्या अशाच.

आता पुढच्या चाकाला दोन कामं. गाडी ओढायची आणि वळायचंही. शिवाय खड्ड्यात खालीवर व्हायचं. मागच्यासारखा सरळ दांडा इथं चालत नाही. साधा खुळा जॉइंट, म्हणजे ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टला असतो तो क्रॉस, कोनात फिरवला की चाकाची गती एका फेरीत कमीजास्त होते. थोड्या कोनात चालून जातं, पण चाक पूर्ण वळवल्यावर स्टेअरिंगला झटके बसतील. म्हणून सीव्ही जॉइंट लागतो. आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात तो काढला. एका वाटीत सहा गोळ्या, गोळ्यांना फिरायला वक्र खाचा, आणि त्या जागेवर धरणारा पिंजरा. कितीही वळवा, आतबाहेर गती सारखीच राहते. १९५९ च्या ब्रिटिश 'मिनी' गाडीनं तो छोट्या मोटारीत रुळवला आणि पुढं सगळ्या जगानं घेतला.

म्हणजे आपण ज्याला आजही सवयीनं 'एक्सल' म्हणतो, तो एक दांडा राहिला नाही. बाहेरच्या टोकाला गोळ्यांचा जॉइंट, आतल्या टोकाला तीन रोलरचा सरकता जॉइंट, दोन रबरी बूट, मोजून भरलेलं ग्रीस आणि गिअरबॉक्समध्ये धरून ठेवणारा तारेचा छोटासा लॉक. गिअरबॉक्स एका बाजूला असल्यामुळं डावा आणि उजवा सहसा एका लांबीचे नसतात. यातलं निम्मं काम लेथवर होतच नाही. वक्र खाचा घासायला वेगळं मशीन लागतं, त्या कडक करायला वेगळी भट्टी लागते. मिरजेच्या त्या वहीतलं ज्ञान इथं थांबलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मॉडेलं भराभर बदलू लागली. मारुती ८०० हे एकच नाव १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत चाललं. पण १९८६ मध्ये गाडी पूर्ण बदलली, पुढं २००० च्या सुमारास इंजिन बदललं, चारऐवजी पाच गिअरही आले. नाव एक, आतली गाडी वेगवेगळी. दुसऱ्या कंपन्यांचंही तेच. दुकानदार याला 'टाइप वन, टाइप टू', 'जुना मॉडेल, नवा मॉडेल' म्हणतात. कुठल्या महिन्यात जुना संपला आणि नवा सुरू झाला, ते गाडीच्या चेसिस नंबरावरून कळतं, आणि तो तक्ता कंपनीकडं असतो. दुकानदाराकडं फक्त अंदाज असतो.

नक्कल कशी चुकते

बाजारातला एक्सल बनवणारा सगळाच लबाड असतो असं माझं म्हणणं नाही. काही कंपन्यांचा माल उत्तम आहे. पण बराचसा माल नमुन्यावरून बनतो. कारखानदाराकडं मूळ ड्रॉइंग नसतं. तो एक जुना एक्सल आणतो, व्हर्निअर लावतो आणि मापं घेतो.

यातली गोम मला एका निवृत्त टर्नरनं समजावली. पहिली गोष्ट, नमुना बहुतेक वेळा वापरलेला असतो. त्याचे दाते झिजलेले, सील बसते ती जागा घासलेली. म्हणजे झिजेसकट नक्कल होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नमुन्यावरून माप कळतं, पण त्या मापात किती इकडंतिकडं चालेल ते कळत नाही. ड्रॉइंगवर ते लिहिलेलं असतं. लांबीत एक मिलिमीटर इकडंतिकडं चालत असेल, पण लॉकच्या खाचेच्या जागेत त्याचा दहावा हिस्साही चालत नसेल. हातात धरलेला तुकडा हे सांगत नाही. 'बसतंय की' म्हणून माल पुढं जातो.

माझ्या एक्सलचं हेच झालं होतं. लॉकची खाच जिथं हवी तिच्या थोडी बाहेरच्या बाजूला पडली होती. शाफ्ट आत गेला, त्याचा खांदा टेकला, पण लॉक आतल्या कडेपलीकडं पोचलाच नाही, त्यामुळं तो फुलून अडकलाही नाही. नुसत्या घट्टपणावर अकरा दिवस राहिला. वळणावर चाक खाली लोंबलं, जॉइंट ओढला गेला आणि शाफ्ट बाहेर आला.

ही एक तऱ्हा. मिस्त्रींनी त्यांच्या अनुभवातल्या आणखी सांगितल्या, त्या मुद्दाम लिहून ठेवतो:

लांबी जास्त असेल तर खड्ड्यात चाक वर आलं की आतला जॉइंट तळाला आपटतो आणि मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. लांबी कमी असेल तर निसटायची भीती.

हबमध्ये दाते घट्ट असतील तर कोणीतरी हातोडा मारतो. त्या माराने आतल्या गोळ्यांच्या खाचांना खड्डे पडतात, आणि नवा एक्सल महिन्याभरात वळणावर कटकट करायला लागतो. दाते सैल असतील तर गाडी उचलताना 'टक्क' आवाज येतो आणि हळूहळू हबचेही दाते खाल्ले जातात.

टोकाचे आटे कमी कापलेले असतील तर नट आवळला असं वाटतं, पण तो आट्यांच्या शेवटाला अडकलेला असतो. बेअरिंगवर दाब आलेलाच नसतो. ही सगळ्यांत धोक्याची, कारण बाहेरून काहीच कळत नाही.

सील बसते तिथं फिनिश खरखरीत असेल तर नवं सील आठवड्यात जातं आणि पार्किंगमध्ये गिअर ऑइलचा डाग दिसतो.

बुटाचं रबर हलकं असेल तर एका उन्हाळ्यात चिरतं. चिरेतून ग्रीस बाहेर आणि धूळ आत. आपल्याकडं ऊसाच्या हंगामात रस्त्यावर जी माती असते, तिच्यात असा जॉइंट किती टिकणार?

शेवटी काय केलं

दुकानदारानं तो एक्सल परत घेतला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दुसरा दिला, त्याचे हबचे दाते जाणार नाहीत असे घट्ट. तोही परत. शेवटी मिस्त्री म्हणाले, "दादा, नव्याच्या नादाला लागू नगा. जुना कंपनीचा हुडकू." कोल्हापूरच्या बाजूला एका भंगारवाल्याकडं त्याच सालच्या, मागून ठोकलेल्या गाडीचा डावा एक्सल मिळाला. आम्ही दोन्ही फरशीवर शेजारी ठेवले. लांबी, दाते, आटे, खाच आणि सीलची जागा, सगळं व्हर्निअरनं मोजलं. जॉइंट खोलून धुतला, गोळ्या तपासल्या, नवं ग्रीस भरलं, चांगल्या कंपनीचे बूट टाकले, लॉक नवा घातला. शाफ्ट आत ढकलला तेव्हा 'टक्' असा स्वच्छ आवाज आला. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. बोलले काहीच नाहीत.

आता विचार करा. नवा भाग विश्वासाचा नाही म्हणून अपघातातल्या गाडीचा पंचवीस वर्षांचा भाग शोधायला मी ऐंशी-नव्वद किलोमीटर फिरलो. मला मिस्त्री चांगला मिळाला, वेळ होता. कडेगावच्या किंवा खटावच्या एखाद्या दुकानदारानं, ज्याची रोजीरोटी अशाच जुन्या गाडीवर आहे, त्यानं काय करायचं?

हा सार्वजनिक प्रश्न का आहे

२०१४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या जानेवारीत मारुती ८०० बंद झाली, मे महिन्यात ॲम्बॅसिडर बंद झाली, आणि २५ ऑगस्टला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. मुद्दा हाच होता की या कंपन्या मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातल्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचू देत नाहीत. पुढं अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या मिस्त्रींच्या भिंतीवर अजून एकही मापाचा तक्ता लागलेला नाही.

त्याच २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. आम्ही भरली. वर पर्यावरण कर भरला. गाडी तपासून घेतली. सरकार पैसे घेऊन म्हणतं की ही गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे. मग ती योग्य ठेवायला लागणारा भाग योग्य मापाचा मिळतो का, हे बघणं कुणाचं काम?

कुणी म्हणेल, जुनी गाडी भंगारात घाला, प्रश्न मिटला. ज्याला परवडतं त्यानं जरूर घालावी. धूर ओकणाऱ्या गाड्यांची बाजू मी घेत नाही. पण आज घेतलेली नवी गाडीही पंधरा वर्षांनी जुनीच होणार आहे, आणि तिच्यात आजच्यापेक्षा दहापट गुंतागुंतीचे भाग आहेत. आज एका एक्सलच्या मापाची सोय आपण करू शकत नसू, तर त्या गाड्यांचं काय होणार?

माझं मागणं फार मोठं नाही. कंपन्यांनी गुपितं उघडी करावीत असं मी म्हणत नाही. बंद झालेल्या मॉडेलच्या ज्या भागांवर माणसांचा जीव अवलंबून आहे, म्हणजे एक्सल, ब्रेक, स्टेअरिंग, तेवढ्यांची मापं आणि चालणारा फरक जाहीर करावा. आणि बाजारातला भाग बनवणाऱ्यानं बॉक्सवर गाडीच्या चित्राऐवजी पाच आकडे छापावेत: एकूण लांबी, आतल्या टोकाचे दाते, बाहेरच्या टोकाचे दाते, आट्याचं माप आणि कोणत्या चेसिस नंबरापासून कोणत्या नंबरापर्यंत चालेल ते. छपाईचा खर्च शून्य. औषधाच्या पट्टीवर आपण घटक वाचतो, खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश वाचतो. एक्सलच्या बॉक्सवर मात्र चकचकीत फोटो बघून घरी येतो.

तोवर आपण काय करायचं? नवा एक्सल आणलात तर गाडी खोलायच्या आधी जुन्याशेजारी ठेवून मोजा. दाते मोजा, मोजायला दोन मिनिटं लागतात. हातोडा लागला तर थांबा. लॉकचा आवाज आला नाही तर थांबा, ओढून बघून समाधान मानू नका. जुना एक्सल नव्या गाडीत बसून शंभर किलोमीटर होईपर्यंत दुकानात जमा करू नका. आणि मिस्त्री 'थांबा' म्हणाला तर त्याचं ऐका. मी ऐकलं नव्हतं.

सातारा-सांगलीतल्या लेथवाल्यांकडं, जुन्या मिस्त्र्यांकडं अशा मापांच्या वह्या नक्की असतील. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. कुणाकडं असेल तर कळवा, मी येऊन फोटो काढतो, सगळी मापं एकत्र लिहून सगळ्यांना मोफत देऊ. आमच्या मिस्त्रींनी पहिलं पान लिहून दिलंय: १९९६, डावा एक्सल, पाच आकडे, खाली तारीख.

गाडी सध्या व्यवस्थित आहे. गेल्या रविवारी आईला पुन्हा यवतेश्वरला नेलं. त्या वळणावर ती काही बोलली नाही, फक्त दाराचं हँडल धरून बसली होती.